बंद इस्पितळाच्या जागी घरं : स्वस्त घर स्वस्त कसं राहतं?

पूर्व लंडनमधल्या माइल एंड रस्त्यावर सेंट क्लेमेंट्स नावाचं इस्पितळ होतं. मुळात ते १८४९ मध्ये निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणारं वर्कहाउस म्हणून उभं राहिलं. पुढे तिथे रुग्ण आले, दुसऱ्या महायुद्धात बाँब पडले, १९५९ पासून ते पूर्णपणे मनोरुग्णालय झालं आणि २००५ मध्ये त्याला कुलूप लागलं. आज त्या आवारात २५२ घरं आहेत. त्यांतल्या २३ घरांची किंमत आजूबाजूच्या बाजारभावाच्या जेमतेम एक तृतीयांश ठेवली गेली, आणि मालक ती घरं विकायला काढेल तेव्हाही किंमत त्याच हिशेबाने ठरावी, अशी कायदेशीर बांधणी केलेली आहे.

स्वस्त घर एकदा बांधणं फारसं अवघड नाही. सरकारने जमीन दिली, थोडं अनुदान दिलं की पहिल्या कुटुंबाला घर परवडतं. दहा वर्षांनी ते कुटुंब घर विकतं तेव्हा खरी परीक्षा होते. सेंट क्लेमेंट्सच्या त्या २३ घरांची रचना नेमकी या दुसऱ्या विक्रीसाठी केली आहे. ती कशी, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

जमीन सरकारच्या हातून सुटते तो क्षण

सार्वजनिक इमारत बंद पडली की पहिला प्रश्न विक्रीचा येतो. इंग्लंडमध्ये १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याचं १२३ वं कलम नगरपालिकांना बजावतं की, जमीन विकताना मिळू शकणारी सर्वोत्तम किंमत घ्या. कमी घ्यायची असेल तर मंत्र्यांची परवानगी लागेल. जनतेची मालमत्ता कोणी मर्जीतल्या माणसाला कवडीमोल भावात देऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण त्याचा दुसरा परिणाम असा की, शाळा, वाचनालय किंवा जलतरण तलाव बंद झाला की ती जागा आपोआप सगळ्यात मोठ्या बोलीकडे सरकू लागते. २००३ मध्ये यात एक फट ठेवली गेली. त्या भागाचं सामाजिक, आर्थिक किंवा पर्यावरणीय हित साधणार असेल, तर २० लाख पौंडांपर्यंतची तूट सोसून नगरपालिका वेगळी परवानगी न घेता जमीन देऊ शकते. पुढे २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने रहिवाशांना आणखी एक साधन दिलं. एखादी वास्तू ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून आधी नोंदवून घेतली असेल, तर ती विक्रीला निघाल्यावर स्थानिक गट सहा आठवड्यांत इच्छा कळवून सहा महिन्यांची मुदत मिळवू शकतो. या मुदतीत पैसा उभा करायचा. मालकाने त्यांनाच विकावी असं बंधन मात्र नाही.

सर्वात मोठी बोली कशी ठरते, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. बिल्डर उलटा हिशेब करतो. तयार घरं किती पैशाला विकली जातील, त्यातून बांधकाम, व्याज, कर आणि स्वतःचा नफा वजा केला की जे उरतं ते तो जमिनीसाठी देऊ शकतो. म्हणजे ‘इतकी घरं स्वस्त हवीत’ ही अट टेंडरच्या आधी घातली, तर प्रत्येक जण जमिनीची बोलीच कमी लावतो आणि स्वस्त घरांचा भार जमिनीच्या किमतीवर पडतो. अट नंतर घातली तर तोवर महाग जमीन घेऊन बसलेला बिल्डर हिशेबाचे कागद पुढे करतो आणि ‘प्रकल्प परवडत नाही’ म्हणत सवलत मागतो. इंग्लंडच्या नगररचना खात्यांत ही घासाघीस रोजचीच आहे.

सेंट क्लेमेंट्सच्या बाबतीत ही अट आधी यावी म्हणून लोकांना बरीच वर्षं खपावं लागलं. चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटनांना एकत्र आणणाऱ्या लंडन सिटिझन्स या संघटनेने ही मागणी उचलून धरली. २००७ मध्ये ईस्ट लंडन कम्युनिटी लँड ट्रस्ट स्थापन झाला. आज तो लंडन कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणून ओळखला जातो. महापौरपदाच्या निवडणुकीत उमेदवारांना भरसभेत उभं करून वचन घ्यायचं, ही त्यांची पद्धत. २०१२ मध्ये जागेसाठी गॅलिफोर्ड ट्राय या बांधकाम कंपनीची निवड झाली, आणि सोबत दोन भागीदार आले : भाड्याच्या घरांसाठी १८६२ पासूनची पीबॉडी ही संस्था, आणि विक्रीच्या स्वस्त घरांसाठी हा ट्रस्ट. मधल्या काळात, २०१३ च्या उन्हाळ्यात, त्या ओसाड आवारात चित्रपट महोत्सवही भरला. बंद जागा लोकांच्या नजरेआड गेली की तिच्याबद्दलचा आग्रहही विरतो. ती वापरात ठेवण्याचा असा उपयोग होतो.

पाडायचं की राखायचं?

सेंट क्लेमेंट्सच्या जुन्या देखण्या इमारती राखून त्यांत घरं काढली गेली आणि मोकळ्या जागेत नव्या इमारती उठल्या. प्रत्येक ठिकाणी हे जमत नाही. दक्षिण लंडनच्या लुइशममध्ये लेडीवेलचं जुनं क्रीडा केंद्र पाडलं गेलं. पोहण्याच्या तलावाच्या प्रचंड दालनात मजले घालणं, खिडक्या काढणं, नळ आणि मलवाहिन्या फिरवणं यापेक्षा पाडणं सोपं असतं. त्या जागेचा कायमचा आराखडा ठरेपर्यंत ती रिकामी ठेवण्याऐवजी नगरपालिकेने कारखान्यात तयार केलेले सुटे भाग जोडून २०१६ मध्ये २४ घरं उभी केली आणि बेघर कुटुंबांना तिथे राहायला दिलं. हे भाग पुढे उकलून दुसरीकडे नेता यावेत, अशी योजना होती. त्याच लुइशममध्ये एका जुन्या शाळेच्या जागेवर रहिवाशांच्याच एका ट्रस्टने ३६ घरांचा प्रकल्प हाती घेतला. त्यात काही काम रहिवाशांनी स्वतःच्या हाताने करावं, अशी कल्पना होती.

पाडावं की राखावं, याचा निर्णय वास्तुकलेइतकाच कराच्या तक्त्यावरही ठरतो. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य आहे, तर जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर सर्वसाधारणपणे २० टक्के. इस्पितळासारख्या बिगर-निवासी इमारतीची घरं केली तर काही कामांना ५ टक्क्यांचा दर लागतो, पण शून्य आणि पाच यांतलाही फरक मोठ्या प्रकल्पात जाणवतो. शिवाय जुन्या इमारतीत भिंतीमागे काय निघेल सांगता येत नाही. ॲस्बेस्टॉस निघालं की खर्च आणि मुदत दोन्ही वाढतात. दुसरीकडे, उभी इमारत पाडली की तिच्यात आधीच खर्ची पडलेली वीट, पोलाद, सिमेंट वाया जातं. आणखी एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. २०१४ मध्ये तिथे असा नियम आला की, रिकामी पडलेली इमारत वापरात आणली किंवा पाडून नवी बांधली, तर तिच्या क्षेत्रफळापुरती स्वस्त घरांची जबाबदारी कमी होते. रिकाम्या जागा लवकर वापरात याव्यात म्हणून दिलेली ही सवलत नेमकी स्वस्त घरांच्या आकड्यातून वजा होते.

किंमत ठरवण्याचं उलटं गणित

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. इंग्लंडमध्ये ‘परवडणारं भाडं’ या सरकारी योजनेत बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडं घेता येतं. बाजार दुप्पट झाला की हे भाडंही दुप्पट होऊ शकतं, पगार मात्र होत नाही. म्हणून ट्रस्टने बाजारभाव बाजूला ठेवला आणि सुरुवात पगारापासून केली. टॉवर हॅम्लेट्स या बरोमधल्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या हद्दीतल्या, लोकांचं मध्यम उत्पन्न घ्यायचं. सगळ्यांची उत्पन्नं चढत्या क्रमाने लावली तर जे बरोबर मधोमध येतं ते. सरासरी घेत नाहीत, कारण याच हद्दीतल्या कॅनरी व्हार्फमधले बँकवाले ती फुगवतात. या उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग घरावर खर्च होणं योग्य मानायचं, आणि तेवढ्या हप्त्यात किती कर्ज फिटेल ते काढायचं. तीच घराची किंमत.

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. मध्यम उत्पन्न वर्षाला ३०,००० पौंड धरलं, तर घरासाठी १०,००० पौंड, म्हणजे महिन्याला सुमारे ८३३ पौंड. कर्ज २५ वर्षांचं आणि व्याज ३ टक्के असेल तर या हप्त्यात साधारण १ लाख ७६ हजार पौंडांचं कर्ज फिटतं. खरेदीदाराने पदरचे थोडे घातले की किंमत त्याहून किंचित वर जाते.

सेंट क्लेमेंट्समध्ये प्रत्यक्षात एका शयनगृहाचं घर सुमारे १ लाख ३० हजार पौंडांना, दोन शयनगृहांचं १ लाख ८२ हजारांना आणि तीन शयनगृहांचं २ लाख ३५ हजारांना गेलं. आकडे नीट पाहिले तर दुसरा पहिल्याच्या १.४ पट आहे आणि तिसरा जवळपास १.८ पट. मोठ्या घरात राहणाऱ्या कुटुंबात एकाहून अधिक कमावते असतील, पण दुसऱ्याची कमाई पूर्ण धरायची नाही, असा हा व्यवहारी अंदाज.

या सूत्रालाही एक कच्चा दुवा आहे, आणि तो व्याजदरात आहे. वरच्याच उदाहरणात व्याज ३ ऐवजी ५ टक्के झालं, तर त्याच हप्त्यात फक्त १ लाख ४२ हजार ५०० पौंडांचं कर्ज फिटतं. पगार तेवढाच, घरही तेच, पण किंमत ३३ हजारांनी खाली. नव्या खरेदीदाराला याचा त्रास नाही. ज्याने ३ टक्क्यांच्या दिवसांत घर घेतलं आणि ५ टक्क्यांच्या दिवसांत विकायला काढलं, त्याला तो आहे. म्हणून असं सूत्र करारात घालताना व्याजाचे चढउतार कसे सामावून घ्यायचे, यावर वकिलांना बराच विचार करावा लागतो.

घर कोणाला मिळतं?

तेवीस घरं आणि इच्छुक शेकड्यांनी. चिठ्ठी टाकून सोडत काढणं हा एक मार्ग होता. ट्रस्टने निकष लावले. अर्जदाराचं टॉवर हॅम्लेट्सशी किमान पाच वर्षांचं नातं हवं : तिथे राहणं, काम करणं किंवा तिथल्या समाजात वावर असणं. बाजारभावाने घर घेणं त्याला परवडू नये, पण ट्रस्टच्या किमतीचा हप्ता मात्र पेलता यावा. सध्याच्या घराची अडचण किती, हेही पाहिलं गेलं. यात उघड गोष्ट अशी की, ही घरं सगळ्यात गरिबांसाठी नाहीत. ज्याला कोणतंच कर्ज मिळू शकत नाही, त्याच्यासाठी कमी भाड्याचं घर हाच उपाय, आणि म्हणूनच त्याच आवारात पीबॉडीची घरं आहेत. ट्रस्टची घरं परिचारिका, शिक्षक, दुकानात काम करणारे अशा लोकांसाठी, जे सरकारी घराच्या यादीत खूप खाली येतात आणि बाजारात तर कुठेच बसत नाहीत.

दुसरी विक्री

२०१७ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. त्यांच्या हातात आलं ते घर, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने. त्याखालची जमीन त्यांची झाली नाही. त्या भाडेपट्ट्यातच अट आहे की, विकताना किंमत पुन्हा मध्यम उत्पन्नाच्या सूत्राने निघेल आणि खरेदीदार ट्रस्टच्या निकषांत बसणारा असेल. स्थानिक पगार वाढले तर विकणाऱ्याला तेवढी वाढ मिळते. मेट्रोचा नवा मार्ग आला, चौकात झकपक कॅफे उघडले, म्हणून वाढलेल्या जमिनीच्या किमतीवर मात्र त्याचा हक्क नाही. ती वाढ त्याने निर्माण केलेली नाही, तर त्याच्या खिशात का जावी, हा साधा युक्तिवाद.

प्रत्येक ट्रस्टचं सूत्र हेच असतं असं नाही. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात बर्नी सँडर्स महापौर असताना १९८४ मध्ये नगरपालिकेच्या मदतीने असाच ट्रस्ट निघाला. तिथे घर विकताना पुन्हा मूल्यांकन होतं आणि वाढलेल्या किमतीचा एक चतुर्थांश वाटा मालकाला मिळतो. उरलेला घरातच राहतो आणि पुढच्या खरेदीदाराला सवलत म्हणून पोचतो.

या अटीमुळे बँका आधी बिचकतात. कर्जदार बुडाला तर घर जप्त करून कोणाला विकायचं, सूत्राच्या किमतीत आपलं कर्ज वसूल होईल का, ही त्यांची शंका. तडजोड सहसा अशी होते : आधी ठरावीक मुदतीत ट्रस्टने घर घ्यावं, न जमल्यास बँकेला अटीविना विकण्याची मुभा.

ट्रस्ट स्वतः उद्या घसरला तर? इंग्लंडच्या २००८ च्या कायद्याने अशा ट्रस्टची व्याख्या केली आहे. मालमत्ता स्थानिक समाजाच्या हितासाठीच वापरायची, नफाही त्याच कामाला, आणि तिथे राहणाऱ्या-काम करणाऱ्यांना सभासद होण्याची संधी द्यायची. अमेरिकी प्रथेत विश्वस्त मंडळाचे तीन सारखे भाग असतात : घरांत राहणारे, परिसरातले इतर, आणि सार्वजनिक हित पाहणारे. फक्त घरमालकांच्या हाती कारभार दिला तर एक दिवस बहुमताने फेरविक्रीची अटच काढून टाकली जाईल. त्या मंडळात शेजाऱ्यांना जागा असते ती यासाठीच.

या कल्पनेचं मूळ

या व्यवस्थेच्या मुळाशी विनोबा भावे आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचं पहिलं भूदान मिळालं. पुढे लक्षात आलं की, एकेका भूमिहीनाला दिलेली जमीन कर्जापायी पुन्हा सावकाराकडे जाऊ शकते. म्हणून ग्रामदानाचा विचार पुढे आला : मालकी गावाची, कसण्याचा आणि वारशाचा हक्क कुटुंबाचा, आणि बाहेरच्याला विक्री नाही.

अमेरिकेतले शांततावादी रॉबर्ट स्वान आणि राल्फ बोर्सोडी यांच्यावर या विचाराचा प्रभाव होता. नागरी हक्क चळवळीतले स्लेटर किंग आणि चार्ल्स शेरॉड यांच्यासोबत स्वान यांनी इस्राएलमधल्या भाडेपट्ट्याच्या जमिनींचाही अभ्यास केला आणि १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था उभी राहिली. मतदानाचा हक्क मागितला म्हणून जमिनीवरून हाकललेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ती होती. जवळपास ५,७०० एकरांची ती जमीन दुष्काळात आणि सरकारी कर्जातल्या भेदभावात १९८५ मध्ये गेली. पण मालकी आणि वापर वेगळे करण्याचा तो नमुना बर्लिंग्टनमार्गे लंडनला पोचला. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली जमिनी ग्रामसभेकडे देण्याचं ठरवलं, ते याच विचाराने.

हिशेबाची दुसरी बाजू

२५२ पैकी २३, आणि तेही इस्पितळ बंद झाल्यावर बारा वर्षांनी. घरांच्या टंचाईपुढे हा आकडा किरकोळ आहे. सर्वोत्तम किंमत न घेणं म्हणजे सरकारी तिजोरीने तेवढ्या रकमेवर पाणी सोडणं, आणि त्याच पैशातून दुसरं इस्पितळ चाललं असतं, असा आक्षेप घेता येतो. त्याला ट्रस्टवाल्यांचं उत्तर असं की, हे अनुदान एकदाच द्यावं लागतं आणि प्रत्येक पुढच्या खरेदीदाराला मिळत राहतं. मालकाचीही एक अडचण राहते. त्याचं घर पगाराच्या गतीने वाढतं आणि बाहेरचा बाजार स्वतःच्या गतीने. त्यामुळे तिथून निघून बाजारात घर घेणं त्याला अवघड जातं.

मुंबईत म्हाडाच्या सोडतीत घर लागलं तर पाच वर्षांनंतर ते बाजारभावाने विकता येतं. पहिल्या कुटुंबाचं त्यात भलं होतं आणि तो त्याचा गुन्हा नाही. पण त्या विक्रीनंतर शहराच्या हिशेबातून एक स्वस्त घर कमी होतं आणि सरकारला पुन्हा नव्याने जमीन शोधावी लागते. गिरण्यांच्या जमिनींचा अनुभव तर आणखी बोलका आहे. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एक वाटा म्हाडाच्या घरांसाठी ठरला होता. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा संपूर्ण जमिनीऐवजी फक्त गिरणीतल्या मोकळ्या भागावर मोजायचं ठरलं, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. एका व्याख्येतल्या बदलाने शहराच्या वाट्याची जमीन आक्रसली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, गिरण्याही २००५ पासून लिलावात सर्वाधिक बोलीला गेल्या.

म्हणून आपल्या गावातली नगरपालिकेची शाळा, एसटीची जागा किंवा जुनं रुग्णालय बंद झाल्याची बातमी आली, की टेंडर निघायच्या आधी चार प्रश्न विचारायला हवेत. जमीन विकणार की भाडेपट्ट्याने देणार? घरांची किंमत बाजारभावावरून काढणार की तिथल्या लोकांच्या उत्पन्नावरून? घर कोणाला, हे कोण ठरवणार? आणि पहिला मालक घर विकेल तेव्हा किंमत कोणत्या कागदावर लिहिलेली असेल? पहिल्या तिन्ही प्रश्नांची चोख उत्तरं मिळाली आणि चौथ्याचं नाही मिळालं, तर स्वस्त घरांची ती योजना एका पिढीपुरतीच टिकेल.